नवीन ट्रान्सपोर्ट ब्रोकरला पहिले ग्राहक कसे भेटतात? खान्देशातल्या पोरांचे नेहमीचे प्रश्न

गाडीभाड्याच्या दलालीत नवीन उतरणारी पोरं तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलं. मी जळगाव-धुळे पट्ट्यात हेच काम करतो त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील, पुण्या-मुंबईच्या कंटेनरवाल्यांचा हिशोब वेगळा राहतो.

ब्रोकरला स्वतःची गाडी लागते का?

नाही लागत. एकाकडे माल पडलाय, दुसऱ्याकडे गाडी उभी आहे, दोघांची वेळेत गाठ घालून द्यायची आणि मधलं कमिशन घ्यायचं, काम एवढंच. पण नंबर इकडचा तिकडे दिला की सुटलो असं समजू नका, गाडी लागल्यापासून माल खाली होऊन पोच (माल मिळाल्याची पावती) परत येईपर्यंत दोन्हीकडचे फोन तुम्हालाच येणार. रात्री अकराला ड्रायव्हरचा फोन उचलायचा कंटाळा येत असेल तर या धंद्यात पडू नका, स्पष्ट सांगतो.

आधी ग्राहक शोधू का आधी गाड्या?

आधी गाड्या. बहुतेक जण उलटं करतात, व्हिजिटिंग कार्ड छापतात, एमआयडीसीत वाटतात, आणि खरंच फोन आला की गाडीसाठी दुसऱ्या ब्रोकरच्या पाया पडतात, तोपर्यंत पार्टीने (म्हणजे मालवाल्या ग्राहकाने) तिसरीकडून गाडी लावलेली असते. परत ती पार्टी फोन करत नाही.

नवीन माणसाला काम कसं येतं ते समजून घ्या. सकाळची गाडी तुम्हाला कोणी देत नाही, ती जुन्या ट्रान्सपोर्टवाल्याची ठरलेली असते. तुम्हाला फोन येतो संध्याकाळी साडेपाचला, जुन्याने ऐनवेळी गाडी नाही म्हटल्यावर. समजा जिनिंग (कापसातून सरकी काढून गाठी बांधणारा कारखाना) आहे, शंभर गाठी ओट्यावर पडलेल्या आहेत, एक गाठ साधारण १७० किलोची म्हणजे १७ टन माल, बिल कापून झालंय, हमाल बिडी ओढत बसलेत आणि मॅनेजर गेटवर येरझाऱ्या घालतोय. त्याला त्या वेळी पाचशे रुपये स्वस्त गाडी नको असते, तासाभरात गेटवर उभी राहील अशी दहा टायर पाहिजे असते. तेव्हा तुमच्याकडे गाडी निघाली तर तुम्ही त्याच्या डायरीत गेले. पहिलं गिऱ्हाईक भावाने भेटत नाही भो, वेळेवर लागलेल्या गाडीने भेटतं, बाकी खाली जे काही लिहिलंय ते या एका गोष्टीसाठीच आहे.

मग गाड्या कुठून जमवायच्या?

जळगावात अजिंठा चौफुली, धुळ्यात पारोळा चौफुली, हायवेचे पंप आणि ढाबे. चहा पाजा, बोला. नंबर तर सगळेच घेतात, तुम्ही चार गोष्टी जास्तीच्या लिहून ठेवा: गाडी किती टायरची, बॉडी किती फुटी, मालक स्वतः चालवतो का ड्रायव्हर आहे, आणि गाडीवाल्याचं गाव कोणतं. गाव सगळ्यात महत्त्वाचं, कारण घराकडे जाणारी गाडी दोन पैसे कमी घेऊन पण निघते आणि रस्त्यात नाटकं करत नाही. सुरतला राहणाऱ्या गाडीवाल्याला शनिवारी सुरतचं भाडं सांगून बघा.

दुसरी एक जागा नवीन पोरांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे माल जिथे *खाली* होतो ती. मोरबीच्या टाईल्सचे गोडाऊन, सिमेंटचे डेपो, खताचे डीलर, किराणाचे होलसेलवाले. ते तुमचे ग्राहक नाहीत पण कोणती गाडी आज खाली होणार हे त्यांच्या गोडाऊन कीपरला एक दिवस आधी माहीत असतं. मोरबीहून टाईल्स घेऊन आलेली गाडी खाली झाल्यावर गुजरातकडेच परत जायला बघते आणि आपल्याकडून गुजरातला सरकी जाते, गाठी जातात, मका जातो. ही जोडी तुम्ही जुळवली तर गाडीवाला पण खूश, पार्टीला पण भाडं रास्त, आणि तुमचं कमिशन कोणाला खुपत नाही. गोडाऊन कीपरला मामा म्हणा, दादा म्हणा, दिवाळीला मिठाई द्या, तो माणूस सांभाळा.

सुरुवातीला किती रूट धरायचे?

एक. फार तर दोन. "ऑल इंडिया सर्व्हिस" असं कार्डावर लिहिणारा नवीन माणूस कोणत्याच रूटला कामाचा नसतो. धुळ्यात असाल तर तुमच्यासारखी जागा नाही, आग्रा रोड आणि सुरत-नागपूर हायवे तिथेच एकमेकांना छेदतात, एका बाजूला शिरपूर-पळासनेरवरून इंदूर, दुसऱ्या बाजूला नवापूरवरून सुरत. यातला एक रूट उचला आणि त्या रूटचं आजचं भाडं, डिझेल किती लागतं, टोल किती, नो एन्ट्री कुठे कधी, खाली व्हायला किती वेळ लागतो हे सगळं तोंडपाठ करा. पार्टीने विचारल्यावर "दोन मिनिटांत सांगतो" म्हणायची वेळ येता कामा नये.

खान्देशात नेमका कोणता माल निघतो, कोणाकडे जाऊ?

याचं उत्तर तालुक्यागणिक बदलतं, त्यामुळे जरा लांब होईल.

जळगाव एमआयडीसीत दालमिल, चटई आणि पाईप, हे तीन मोठे. दाल म्हणजे वजनाचा माल, कट्टे मोजून भरायचे, गाडी कोरडी पाहिजे आणि ताडपत्री भोक नसलेली पाहिजे, पावसाळ्यात तर ताडपत्री स्वतः डोळ्याने बघा. चटई म्हणजे व्हॉल्यूमचा माल, वजन काहीच नाही पण जागा खाते, तिथे टनावर भाव सांगितला तर पार्टीला लगेच कळतं की हा नवा आहे, तिथे गाडीवर भाव सांगायचा आणि लांब बॉडी द्यायची. पाईपचं अजून वेगळं, सहा मीटरचा पाईप म्हणजे पावणेवीस फूट, १९ फुटी आयशर लावली तर मागचा डाला बंद होत नाही आणि पाईप बाहेर लोंबतात, म्हणून २० नाहीतर २२ फुटी पाहिजे. असं एक वाक्य डिस्पॅचवाल्यासमोर बोललात ना, तर तो खुर्ची पुढे करतो.

जामनेर, बोदवड, धरणगाव, पारोळा या बाजूला जिनिंग. दसरा-दिवाळीपासून सुरू होतं ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतं. गाठी सूतगिरण्यांना, सरकी तेल मिलला, ढेप पशुखाद्यवाल्यांना, एकाच गेटमधून तीन वेगळे ग्राहक तयार होतात आणि तिघांचे व्यापारी वेगळे असतात हे ध्यानात ठेवा.

नंदुरबारला मिरची, हिवाळ्यात पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली दिसते, तिथले व्यापारी ठरलेले असतात पण सीझनच्या भरात गाड्या कमी पडतात. शहादा बाजूला पपई, ती उत्तरेला जाते. दोंडाईच्याला मिरचीपण आहे, धान्याचं मार्केट पण आहे आणि स्टार्चची फॅक्टरी असल्यामुळे मक्याची वर्दळ असते. साक्री-पिंपळनेर बाजूला कांदा. शिरपूरला टेक्सटाईल, धुळ्याला अवधान एमआयडीसी, पुढे नरडाणा. रावेर-यावल-चोपडा म्हणजे केळी, त्याचं खाली वेगळं सांगतो.

माझं मत विचाराल तर नवीन माणसाने मोठ्या कंपनीच्या मागे लागू नये. तिथे वर्षाचं टेंडर असतं, व्हेंडर कोड लागतो, पेमेंट महिना-दीड महिन्याने. तुमचे पहिले ग्राहक म्हणजे आठवड्याला दोन-तीन गाड्या काढणारे मधले लोक, ज्यांच्याकडे वेगळा डिस्पॅच मॅनेजर नसतो, शेठ स्वतःच फोन लावतो आणि गाडी नाही भेटली की शेठचंच डोकं फिरतं.

फॅक्टरीत गेल्यावर कोणाला भेटायचं, काय बोलायचं?

मोठी जागा असेल तर मालकाला भेटायचा हट्ट धरू नका, गाडी कोणाची लावायची हे बहुतेक वेळा डिस्पॅचचा क्लार्क नाहीतर सुपरवायझर ठरवतो. छोट्या दालमिलला शेठ. अडत्याकडे मुनीम. जायची वेळ दुपारी दोन ते चार, सकाळी लोडिंगची गडबड असते आणि संध्याकाळी बिलाची. सोमवारी जाऊ नका, उधारीवाल्यांचे फोन चालू असतात.

बोलताना "साहेब, काही काम असेल तर सांगा" असं म्हणू नका, हे दिवसाला दहा जण म्हणून जातात. असं विचारा: "साहेब, तुमच्याकडे गाडी लावणारे जुने लोक आहेत ते माहीत आहे, त्यांचं काम मला नको, पण कोणत्या रूटला तुम्हाला गाडीची अडचण येते तेवढं सांगा." यावर माणूस नक्की बोलतो, कारण अडचण प्रत्येकाची असते. कोणी म्हणतो अकोल्याला छोटी गाडी भेटत नाही, कोणी म्हणतो इंदूरला दोन ठिकाणी खाली करायचं असलं की गाडीवाले नाही म्हणतात. ती अडचण वहीत लिहा, घरी या, त्या रूटच्या गाड्या शोधा आणि दोन-तीन दिवसांत फोन करा की "त्या रूटच्या एवढ्या गाड्या माझ्याकडे आहेत, पाहिजे तेव्हा आवाज द्या." बस. मागे लागू नका.

आणि अहिराणी येत असेल तर बोला, लाजू नका. "राम राम नाना, गाडी पाहिजे शे का?" एवढं म्हटलं की अमळनेर-शिंदखेड्याकडचा व्यापारी अर्धा आपलासा होतो. मारवाडी-गुजराती शेठ असेल तर तुमची हिंदी चालते.

फोनवरून, व्हॉट्सअॅपवरून ग्राहक भेटत नाही का?

भेटतात पण कमी, आणि उशिरा. फोन हा दुसऱ्या भेटीसाठी आहे, पहिली भेट समोरासमोर करा. व्हॉट्सअॅपच्या गाडी-माल ग्रुपात शंभर ब्रोकर एकच लोड फिरवत असतात, त्यात मूळ पार्टी कोण हेच कळत नाही. ग्रुपचा फायदा एकच, आज भाडं कुठे चाललंय याचा अंदाज येतो. ब्लॅकबक, वाहक सारखे अॅप गाड्या शोधायला चांगले आहेत, ठेवा मोबाईलमध्ये. इंडियामार्टवर कोणती फॅक्टरी काय बनवते आणि कुठे आहे ते सापडतं, यादी करायला उपयोगी पडतं.

स्टेटसला मात्र रोज सकाळी टाका: "आज जळगावात खाली: दहा टायर १, बारा टायर १, सुरत-अहमदाबाद साइड." उगाच सुविचार टाकू नका. लोक स्टेटस बघतात, उत्तर देत नाहीत, आणि एक दिवस गरज पडली की तिथूनच फोन येतो.

दुसऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याचं काम घेतलं तर कमीपणा नाही ना?

अजिबात नाही, उलट पहिला ग्राहक बहुतेक वेळा तोच असतो. जुन्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे पार्ट्या भरपूर, सीझनला गाड्या कमी. त्याच्या ऑफिसला जा, सांगा अण्णा तुमच्या जास्तीच्या गाड्या मी लावून देतो, कमिशन निम्मं द्या. पैसे कमी भेटतील पण बिल्टी (ट्रान्सपोर्टवाला मालाची फाडतो ती पावती) कशी बनते, भांडण कसं मिटवतात, कोणती पार्टी पैसे बुडवते हे सगळं फुकट शिकायला भेटतं.

एक गोष्ट पाळा, ज्याच्या हातून पार्टी कळली ती पार्टी त्याच्या मागून तोडायची नाही. जळगाव-धुळ्याचं ट्रान्सपोर्ट मार्केट लहान आहे, दुपारी केलेलं संध्याकाळी चौफुलीवर कळतं, आणि मग गाडी अडकली की कोणी मदतीला येत नाही.

भाव कमी सांगून आत शिरू का?

नको. समजा मार्केटला ६० हजार चाललंय आणि तुम्ही ५७ सांगितलं, तर गाडीवाला ५७ ला येणारच नाही, मग तुम्ही खिशातले टाकणार नाहीतर आयत्या वेळी "साहेब भाडं वाढलं" म्हणणार. दुसऱ्या प्रकाराने तर नाव कायमचं जातं. बाजारभाव सांगा, आणि त्यात काय काय धरलंय ते सौदा ठरण्याआधी सांगून द्या: हमाली कोणाची, वारई (हमाल गाडीवाल्याकडून घेतात ती) कोणाची, वजनकाटा कोणाचा, दोन ठिकाणी खाली करायचं असेल तर जास्तीचे किती, गाडी थांबली तर दिवसाचे किती. भांडणं भाड्यावरून कमी होतात, या फुटकळ खर्चावरूनच जास्त होतात. ठरलं की लगेच व्हॉट्सअॅपवर लिहून टाका, दोन ओळी पुरतात.

कमिशन किती ठेवायचं?

रूट, सीझन आणि कोणी किती जोखीम घेतलीय यावर. फक्त गाठ घालून दिली तर गाडीमागे ठरलेली रक्कम, तुमच्या बिल्टीवर माल गेला आणि पैसा पण तुमचा अडकला तर जास्त. सुरुवातीला दोन्हीकडून ओढायला जाऊ नका. ड्रायव्हर आणि पार्टीचा माणूस लोडिंगला तासभर सोबत बसतात, गप्पांत भाडं निघतंच.

लायसन, जीएसटी काय लागतं?

कॅरेज बाय रोड कायदा २००७ आहे, त्यात कॉमन कॅरियरच्या व्याख्येत एजंट आणि ब्रोकर पण येतात, नोंदणी आरटीओकडे होते आणि दहा वर्षं चालते. करून घ्या. मोठी पार्टी तेच आधी मागते.

जीएसटीत दोन प्रकार समजून घ्या. नुसतं कमिशन घेत असाल तर तो सेवेचा धंदा, कमिशनवर १८ टक्के, आणि नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख. स्वतःच्या नावाने बिल्टी फाडून पूर्ण भाड्याचं बिल करत असाल तर तुम्ही गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी झाले, तिथे ५ टक्क्यांचा टॅक्स बऱ्याचदा पार्टीच रिव्हर्स चार्जने, म्हणजे तुमच्याऐवजी स्वतः सरकारला, भरते. तुमचं काम कशात बसतं ते सीएकडे एकदा बसून ठरवा, महिनाभर काम झाल्यावर नाही, आधी.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट होते, ती पण करून ठेवा, उधारीच्या प्रश्नात कामाला येईल.

पैसा किती लागतो? उधारी द्यायची का?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात आणि धंदा बंद पडतो तो याच्यानेच. हिशोब बघा. भाडं ६० हजार, गाडीवाल्याला भरताना अॅडव्हान्स ५० हजार द्यावा लागला, आणि पार्टी म्हणाली बिल द्या, तीस दिवसांनी चेक. एका गाडीला ५० हजार अडकले. महिन्यात दहा गाड्या भरल्या तर ५ लाख बाहेर, आणि कमिशन हातात यायचं बाकीच. काम जितकं वाढेल तितकी तंगी वाढते. व्याजाने पैसे उचलून ही उधारी चालवायला गेलं तर कमिशन व्याजातच जातं.

म्हणून पहिले काही महिने अशा पार्ट्या धरा जिथे अॅडव्हान्स पार्टी स्वतः गाडीवाल्याला टाकते आणि तुम्ही फक्त कमिशन घेता. अडते, केळीचे व्यापारी, कांदा-मक्याचे व्यापारी यांच्यात ही पद्धत आहे. नाहीतर टू-पे, म्हणजे भाडं माल उतरवणारा देतो. महिन्याच्या बिलवाली पार्टी पहिल्या दिवशी नको. घेतलीच तर एक गाडी, तिचे पैसे आले की दुसरी, आणि मर्यादा मनात ठरवून ठेवा की यापुढे हिला उधार नाही, मग ती कितीही मोठी असो.

वर उद्यम म्हटलं ते यासाठी की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत करायचं असा कायदा आहे, आणि उशीर केला तर पार्टीला इन्कम टॅक्समध्ये त्या खर्चाची वजावट पैसे देईपर्यंत भेटत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम नंबर छापा. मार्च जवळ आला की अकाउंटवाले स्वतः फोन करतात.

टीडीएसचं पण बघून घ्या, दहापेक्षा जास्त गाड्या नसलेल्या मालकाने पॅन आणि डिक्लेरेशन दिलं तर त्याच्या भाड्यातून टीडीएस कापत नाहीत, ते कागद गाडी भरायच्या आधीच घ्या, नंतर मालक फोन उचलत नाही.

केळीत उतरू का? सगळे म्हणतात केळीत पैसा आहे.

गाड्या भरपूर लागतात हे खरं. रावेर, सावदा, यावल, चोपडा भागातून केळी दिल्ली, पंजाब, काश्मीरपर्यंत जाते, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (त्या भागाच्या मालाची अधिकृत ओळख) पण भेटलंय. रमजानमध्ये आणि श्रावणात मागणी चढते तेव्हा गाडी भेटणं मुश्किल होतं आणि नवीन ब्रोकरला आत शिरायची तीच वेळ असते.

पण कच्चा माल आहे. दालीची गाडी रस्त्यात एक दिवस थांबली तर फोनवर बोलणी खावी लागतात, केळीची थांबली तर माल पिकून काळा पडतो आणि दिल्लीचा व्यापारी भाड्यातूनच कापतो. म्हणून केळीला गाडी देताना टायर बघा, दोन ड्रायव्हर आहेत का विचारा, त्या रूटला आधी गेलाय का विचारा. लोडिंगला वेळ लागतो, कापणी शेतात चालू असते, मजूर उशिरा आले की गाडी संध्याकाळपर्यंत बांधावर उभी, आणि जून-जुलैत काळ्या मातीत फसली तर ट्रॅक्टरने ओढावी लागते. गाडी शेतापर्यंत जाईल का रोडवर उभी करून छोट्या गाडीने माल आणायचा, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. ताज्या केळीला ई-वे बिलाची (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या जीएसटीच्या कागदाची) भानगड नाही तेवढं एक सोपं.

माझा सल्ला, पहिला सीझन दाल-मका-गाठीत काढा, मग केळीला हात लावा. घरचीच केळी असेल, गावातले व्यापारी ओळखीचे असतील, तर गोष्ट वेगळी, मग तिथूनच सुरू करा.

ई-वे बिल तर पार्टी काढते, मला काय करायचंय?

गाडी नंबर तुम्ही देता ना, मग तुमचं काम आहे. माल ५० हजारांच्या वरचा असेल तर ई-वे बिल लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. साध्या गाडीला २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशोब. रस्त्यात गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर पार्ट-बी मध्ये (बिलाचा गाडी नंबरवाला भाग) नवा नंबर टाकल्याशिवाय गाडी हलवू नका. मुदत संपत आली तर संपायच्या आधी आठ तास ते नंतर आठ तास या वेळात वाढवता येते, ती वेळ मोबाईलला अलार्म लावून सांभाळा. बॉर्डरवर दंड बसला की पार्टीचं बोट तुमच्याकडेच येतं.

गाडी खरी आहे का खोटी, कसं ओळखायचं?

एमपरिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाका, फिटनेस, इन्शुरन्स, परमिट बघा. मग गाडी गेटवर आल्यावर आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून बघा, कारण खोटी नंबरप्लेट लावून माल पळवणारे नेमकं याच ठिकाणी पकडले जातात. ड्रायव्हरचं लायसन, ड्रायव्हर गाडीसमोर उभा असा फोटो, आणि मालकाशी एकदा बोलणं. अॅडव्हान्स आरसीवर नाव असलेल्याच्या खात्यात टाका, "माझ्या भाच्याच्या नंबरवर टाका" म्हटलं की सावध व्हा.

उलटी फसवणूक पण चालते. मिलिटरी कॅम्पचा माल आहे, सरकारी गोडाऊनचा माल आहे, भाडं बाजारापेक्षा जास्त देतो, फक्त गेटपासचे आधी भरा. नवीन पोरं ग्राहकाच्या भुकेपोटी यात अडकतात. जिथे माल बघता येत नाही, गेटवर जाता येत नाही, तिथे एक रुपया टाकू नका.

पार्टी म्हणते दोन टन जास्त टाक, ग्राहक तुटेल म्हणून हो म्हणू का?

नाही. दहा टायरला गाडीसकट २८.५ टन पासिंग (कायद्याने चालणारं वजन) आहे. जास्त भरलं तर कायद्यात २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. बिजासन घाटात ओव्हरलोड गाडीचे ब्रेक तापले तर पुढे काय होतं ते आग्रा रोडवर फिरणाऱ्याला सांगायची गरज नाही. सरळ सांगा, शेठ बारा टायर लावतो, टनामागे तुम्हाला जवळपास तेच पडेल.

माल कमी निघाला, भिजला तर भरून कोण देणार?

बिल्टी तुमच्या नावाची असेल तर पहिला हात तुमच्यावर. कायद्यात मालाची जास्तीची किंमत बिल्टीवर जाहीर केली नसेल तर जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंत मर्यादित आहे, आणि दाव्याची नोटीस १८० दिवसांत द्यावी लागते. पण कोर्टात जाऊन ग्राहक टिकत नाही. पार्टीला ट्रान्झिट इन्शुरन्स घ्यायला लावा, भरताना आणि काट्यावर फोटो काढा, कट्टे मोजताना तुमचा माणूस उभा पाहिजे. पहिल्या दहा-वीस गाड्यांना तो माणूस तुम्ही स्वतः.

ऑफिस घ्यावं लागतं का?

सुरुवातीला नाही. टू-व्हीलर, चांगला फोन, वही. ऑफिसच्या भाड्याचे पैसे पेट्रोलला घाला.

एक गाडी भरली, आता तीच पार्टी परत फोन कशी करेल?

गाडी निघाली की लगेच कळवा: गाडी नंबर, ड्रायव्हरचा नंबर, निघाली किती वाजता. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्टीने विचारायच्या आधी सांगा गाडी कुठे पोहोचली. उशीर होणार असेल तर तो पण तुम्हीच आधी सांगा, लपवू नका, पार्टीला समोरच्या गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं असतं. माल खाली झाला की पोचीचा फोटो त्याच दिवशी, आणि ओरिजिनल पोच आठवड्याच्या आत स्वतः नेऊन द्या, कुरिअरने नाही, कारण पोच द्यायच्या निमित्ताने तुम्ही गेटच्या आत जाता, क्लार्कला भेटता, आणि टेबलावर उद्याच्या डिस्पॅचची लिस्ट पडलेली असते. तिथेच विचारा, साहेब यातली कोणती गाडी अजून ठरली नाही?